‘नेट’ या शब्दाचा जमाखर्च

(मालवण येथे मच्छीमार कुटुंबांतील विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या माणसाने भाषाशास्त्राच्या रानात शिरू नये, असा संकेत आहे. तो आज मी मोडणार आहे. त्याचे कारण तीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीत आहे आणि ती चूक माझी आहे. पदवीच्या वर्गाला मी तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न शिकवीत असे. ‘नेट इन्कम म्हणजे काय?’ या प्रश्नाला किनाऱ्यावरच्या एका मुलाने उत्तर लिहिले होते : ‘जाळ्यापासून मिळणारे उत्पन्न.’ मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील रापणकर होते आणि त्या हंगामात रापण वारंवार रिकामी किनाऱ्याला लागत होती, हे मला नंतर कळले. तेव्हापासून हा शब्द माझ्या मनातून गेलेला नाही.

वास्तविक इंग्रजीत ‘नेट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार एक, कुळे दोन. जाळे या अर्थाचा ‘नेट’ हा इंग्रजीचा मूळचा, जर्मन कुळातला शब्द आहे. नफ्यातोट्याच्या वहीतला ‘नेट’ फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘नितिदुस’ म्हणजे चकचकीत, स्वच्छ. टापटिपीचा अर्थ असलेला इंग्रजी ‘नीट’ हा त्याचाच भाऊ. इटालियन व्यापारी खर्च, तूट आणि बारदानाचे वजन वजा जाता जे उरे त्याला ‘नेत्तो’ म्हणत. याच्या उलट ‘ग्रॉस’ म्हणजे जाड, ठोकळ. आपण त्याला ‘ढोबळ’ म्हणतो ते अगदी यथार्थ आहे.

परंतु लोकांच्या तोंडी कुळांची सरमिसळ होतेच. एखाद्याने अमुक रक्कम ‘नेट’ केली असे इंग्रज म्हणतो, तेव्हा त्याने ती जाळ्यात पकडली की खर्च वजा जाता मिळविली, हे सांगणे कठीण असते. माझ्या विद्यार्थ्याची चूक इंग्रजी भाषेनेही केलेली आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

तिसरा ‘नेट’ आपला, मराठी. नेट लावणे, नेटाने ओढणे. त्यात जोर आहे, चिकाटी आहे. ‘नेटका’ हा शब्द तर समर्थ रामदासांच्या दासबोधात आहे. म्हणजे इंग्रजी अंमलाच्या कितीतरी आधीचा. इंग्रजी ‘नीट’शी त्याचे साम्य दिसते, पण केवळ कानावर विसंबून नाते जोडू नये. याशिवाय नवे अर्थ आहेतच. १९८९ पासून प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘नेट’ ही पात्रता परीक्षा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि आज ‘नेट आहे का?’ असे कोणी विचारले तर तो जाळ्याबद्दल विचारतो आहे असे मालवणातही कोणाला वाटत नाही. त्याला मराठीत प्रतिशब्द शोधताना मात्र आपण ‘आंतरजाल’ म्हणालो, म्हणजे पुन्हा जाळ्यापाशीच आलो.

आता वहीतल्या ‘नेट’कडे वळू. त्याला मराठी शब्द आहे ‘निव्वळ’. गढूळ पाणी स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. पेजेवरच्या स्वच्छ पाण्याला आपल्या घरांत निवळच म्हणतात. निव्वळ नफा म्हणजे गाळ खाली बसल्यावर उरणारा नफा. लॅटिन आणि मराठी या दोन दूरच्या भाषांना एकच कल्पना सुचली : हिशेब स्वच्छ हवा. प्रश्न एवढाच की काय काय वजा केल्यावर हिशेब स्वच्छ झाला असे म्हणावयाचे? आणि हे ठरवावयाचे कोणी?

रापणीचेच उदाहरण घ्या. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे टाकते, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि मग बायाबापडे, पोरे, म्हातारे ती नेटाने ओढतात. मासळीची वाटणी होते तेव्हा माणसांबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा काढण्याची रीत आहे. ज्याला आम्ही वर्गात ‘घसारा’ म्हणून पाठ करून घेतो, तो अक्षरशत्रू रापणकराला ठाऊक होता. जाळे झिजते, म्हणून त्याचा वाटा आधी.

पर्ससीन हेही जाळेच. बटव्याची दोरी ओढावी तसा त्याचा तळ कड्यांतून ओवलेल्या दोरीने आवळला जातो, म्हणून ते ‘पर्स’. ते थव्याला वेढते आणि सारा थवा एका ओढीत उचलते. रापण किनाऱ्याला बांधलेली आहे, पर्ससीनची नौका मासळीच्या मागे जाते. आणि थवा बाहेरच उचलला गेला तर किनाऱ्यावर ओढण्यासारखे काही उरत नाही. पर्ससीनमालकाच्या वहीत डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, कर्जाचे व्याज हे सारे वजा होऊन जे उरते तो ‘निव्वळ नफा’. त्या वहीत एक वजावट नसते : समुद्राची झीज. उद्याच्या बांगड्याची, पेडव्याची आज झालेली उचल कोणाच्याच खर्चात पडत नाही. ती रापणकराच्या रिकाम्या जाळ्यात पडते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. पर्ससीनवरचा खलाशी हाही मजूरच आहे, आणि पुष्कळदा तो परमुलखातून पोटासाठी आलेला असतो. मालकांतही कर्जबाजारी आहेत. रापणही सर्वस्वी निर्दोष नव्हे. तिच्यात लहान मासळी येतेच. समुद्राचा वाटा रापणकरानेही कधी वेगळा काढला नाही. परंतु त्याच्या साधनांची पोच तोकडी होती आणि नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटावयाची नाही हा दंडक होता, त्यामुळे समुद्र आपला वाटा आपणच राखून घेई. यंत्राच्या बळावर ती मर्यादा ओलांडली गेली. तेव्हा तो वाटा आता माणसानेच कायद्याने काढून ठेवावयास हवा.

कायदे नाहीत असे नाही. सिंधुदुर्ग जिल्हा जन्मला त्याच १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिनेच दिले गेले. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या अधिनियमात दुरुस्ती होऊन दंड वाढले. आणि तरीही रात्री क्षितिजावर दिवे का दिसतात, हे मला तुम्हांला विचारावयाचे नाही. तुम्हीच मला सांगाल. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतील नीचांक. त्या वर्षीची वादळे त्याला कारण होती हे खरे. पण सारा दोष वादळावर टाकणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही.

जे पर्ससीनमालकाच्या वहीत, तेच राष्ट्राच्या वहीत. आपण वृद्धीचा दर सांगतो तो ढोबळ उत्पन्नाचा. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा, इमारतींचा घसारा वजा होतो; जंगल, पाणी, मासळी यांचा होत नाही. २०१३ साली पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने ही उणीव दाखवून दिली होती. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारलेल्या नव्या लेखापद्धतीत नैसर्गिक साधनसंपत्तीची झीज उत्पादनाचा खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे निव्वळ उत्पन्न आणि जाळ्याचे उत्पन्न यांचा संबंध आहे, हे जगाच्या हिशेबनिसांनी उशिरा का होईना मान्य केले. माझ्या विद्यार्थ्याला ते घरीच दिसत होते.

परंतु दिल्लीत आणि न्यूयॉर्कमध्ये वही बदलली म्हणून मालवणची बदलेल, असे नव्हे. म्हणून येथील विद्यार्थ्यांना एकच काम सांगतो. आपापल्या रापणीची, होडीची वही लिहा. कोणत्या तारखेला जाळे टाकले, कोणती मासळी किती आली, तिचा आकार केवढा, ओढणारे हात किती आणि प्रत्येकाला वाटा किती. पाच वर्षे नेटाने लिहा. ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांच्याकडे वह्या आहेत. ज्यांच्याकडे केवळ अनुभव आहे त्यांची साक्ष अधिकाऱ्यापुढे ‘तक्रार’ म्हणून खोडली जाते. तुमच्या सहकारी सोसायट्यांच्या कपाटांत अशा शंभर वह्या असतील, त्या दिवशी तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलावे लागेल.

त्या मुलाला मी शून्य गुण दिले होते. त्याची माफी मागण्याची संधी मला मिळाली नाही. ती आज तुमच्यासमोर मागतो.