गांजाचा परवाना आणि पिकविणाऱ्याचा वांटा

(शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



गांजावरील बंदी उठवावी असा ठराव आपल्यापुढें आला आहे. त्यावर बोलण्यापूर्वीं आमचें स्वतःचें मत सांगून टाकतों, म्हणजे मागाहून गैरसमज नको. आम्ही चिलीम ओढीत नाहीं आणि तुम्हीहि ओढूं नये असें म्हणतों. कोवळ्या वयांत रोज गांजा ओढणाऱ्यास वेड लागण्याचा धोका वाढतो, हें वैद्यकशास्त्रानें दाखविलें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां १८८० सालीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. त्यांचें नांव घेणारानें व्यसनाचे पोवाडे गाऊं नयेत.

परंतु व्यसन वाईट, म्हणून त्यावरचा कायदा आपोआप चांगला, असें कोठें आहे? महाशिवरात्रीस भांग घोटून प्याली तर तो प्रसाद. बैराग्यानें चिलीम पेटविली तर ती साधना. आणि दिवसभर ओझीं वाहिलेल्या हमालानें तीच ओढली कीं तो गांजेकस! १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदाहि याच वळणाचा आहे. एकाच झाडाचीं पानें, शेंडे सोबत नसल्यास, त्याच्या व्याख्येबाहेर; फुलोऱ्याचे शेंडे मात्र गुन्हा. वीस किलोहून अधिक गांजा सांपडला तर निदान दहा वर्षें सक्तमजुरी आणि लाख रुपये दंड. झाड लावलें तर वजन कितीहि असो, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते. तुरीच्या आड चार ओळी लावणारा शेतकरी सांपडतो. ओलीं झाडें मुळांसकट उपटून तराजूंत पडतात आणि तेंच वजन वर्तमानपत्रांत छापून येतें. ज्यानें बीं दिलें, पैसा लावला, माल उचलण्याचा करार केला, तो त्या पंचनाम्यांत क्वचितच असतो.

२०२१ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें कलेक्टरांस अर्ज केला कीं, कोणत्याच पिकास भाव मिळत नाहीं, तर गांजा लावण्यास परवानगी द्या. त्या अर्जाची थट्टा करणें सोपें आहे. आमच्या मतें तो अर्ज गांजाविषयीं नव्हताच, तो भावाविषयीं होता.

आतां परवाना मिळाला तर पैसा कोणाच्या घरीं जाईल तें पाहूं. इंग्रज सरकारनें १८९३ सालीं या प्रश्नावर कमिशन नेमलें. ११९३ साक्षी झाल्या. बेताच्या सेवनानें विशेष अपाय नाहीं, सबब बंदी नको, कर व परवाने ठेवावे, असा निकाल निघाला. कमिशनावर हिंदी सभासद तीन: एक राजा, एक कुंवर व एक लाला. नांगर धरणारा एकहि नाहीं!

बंगालमधील नौगांव, जें आज बांगला देशांत आहे, तेथें सरकारी परवान्यानें गांजा पिकत असे. पिकविणारा उन्हांत राबे आणि नफा दलाल व सावकार खात. १९१७ सालीं तेथें गांजा पिकविणाऱ्यांची सहकारी सोसायटी निघाली. माल सोसायटीनें घ्यावा आणि सोसायटीनेंच विकावा, असें ठरलें. मधला दलाल गेला. त्याच नफ्यांतून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, रस्ते झाले. १९८७ सालीं तेथील लागवड बंद झाली, ती गोष्ट वेगळी. पीक तेंच होतें, सरकारचा करहि होताच. फक्त वखारीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं आली होती.

उलट अमेरिकेंतील कोलोराडो पाहा. तेथें २०१४ च्या जानेवारींत दुकानें उघडलीं. तिजोरींत कर आला, शाळांच्या इमारतींस पैसा मिळाला, हें खरें. पण २०१५ पासून २०२३ पर्यंत घाऊक भाव निम्म्याहूनहि खालीं आला. अशा पडत्या भावांत ज्यापाशीं भांडवल त्याचाच टिकाव लागतो. कांदेवाल्यांस हें आम्हीं सांगावयास नको. त्याच देशांत काळे व गोरे जवळजवळ सारखाच गांजा ओढतात, तरी २०१८ सालच्या आंकड्यांप्रमाणें काळ्यांस अटक होण्याचें प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीनपट होतें. इलिनॉय राज्यानें मात्र २०१९ च्या कायद्यांत जुन्या लहान गुन्ह्यांची नोंद पुसण्याची सोय केली आणि कराचा चौथा हिस्सा होरपळलेल्या वस्त्यांसाठीं काढून ठेवला.

आपल्याकडे उत्तराखंडानें २०१८ पासून तागासारख्या धाग्यासाठीं भांगेच्या झाडाचे परवाने देण्यास आरंभ केला आहे. औषध व उद्योग यांसाठीं दार आजच्या कायद्यांतहि आहे. ओढण्याच्या गांजासाठीं पार्लमेंटांतच जावें लागेल. दोन्ही दारांवर आपण एकच अट घालावी. परवाना प्रथम लहान शेतकऱ्यांच्या सोसायटीस मिळावा, कंपनीस नव्हे; आणि सोसायटींत मोठ्या बागाईतदारानें चेअरमन होऊन बसूं नये, याचीहि तजवीज असावी, कारण साखरेच्या सहकारांत आपण काय काय पाहिलें तें येथें बसलेल्यांस ठाऊक आहे. शिवाय चार ओळींपायीं तुरुंगांत बसलेल्या शेतकऱ्यांच्या शिक्षांचा फेरविचार त्याच दिवशीं व्हावा.

एवढी दुरुस्ती ठराव मांडणारांस मान्य असेल तर आमचा हात वर आहे. नुसतें 'बंदी उठवा' एवढेंच असेल, तर आमचें मत विरुद्ध नोंदवावें.