घरच्या कामासाठी लाकडाची लेथ निवडताना

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



गणपतीच्या चार दिवस आधी तान्हा पोळा झाला. खैरलांजीत काय नि सीमेपलीकडे भंडारा-गोंदियाकडे काय, लेकरं नंदी घेऊन निघतात. त्या नंदीची चाकं, घरातलं लाटणं, ताकाची रवी, भोवरा, पाळण्याचे खांब ही सगळी खरादीवरची कामं. आता खरादी शोधावा लागतो. म्हणून आपल्यापैकी काहीजण घरीच छोटी लेथ घ्यायच्या विचारात आहेत. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलो, पण हत्यारांची ओढ सुटली नाही. पैसा कष्टाचा असतो आणि फिरत्या लाकडासमोर बोटं-डोळे आपलेच असतात, म्हणून हे चार शब्द.

चांगल्या कामाला मोठं यंत्र लागतंच असं नाही. कोकणातल्या सावंतवाडीची आणि आपल्या मध्यप्रदेशातल्या बुधनीची रंगीत खेळणी लहान खरादीवरच घडत आली. तेव्हा दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा, की आपण नेमकं काय करणार.

लाटणं करायचं तर लांबी बघा. दोन टोकांमध्ये निदान 400 मिलिमीटर जागा असली की घरगुती लाटणं सहज बसतं. पोळपाट करायचा तर रुंदी बघा. दहा इंची पोळपाटाला बेडवर दहा इंचांपेक्षा जास्त मोकळीक लागते. आठ इंची लेथ त्याला पुरणार नाही. नुसती चाकं आणि भोवरे करायचे असतील, तर मात्र तीच भरपूर.

दुकानदार कमाल वेग सांगतो. आपण किमान वेग विचारावा. कातकामात एक ठोकताळा आहे: लाकडाचा इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावा. म्हणजे दहा इंची पोळपाटाला 600 ते 900 फेरेच चालतात आणि ओबडधोबड लाकडाला सुरुवातीला त्याहूनही कमी. ज्या यंत्राचा सर्वांत कमी वेगच 750 आहे, त्यावर मोठं लाकूड लावणं धोक्याचं. 200 मिलिमीटरचा तुकडा 1500 फेऱ्यांवर फिरला, तर त्याची कड सेकंदाला 15 मीटरहून जास्त धावते. तो सुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

बेड ओतीव लोखंडाचा, वजनदार घ्या. हलकं यंत्र थरथरतं आणि काम खरबरीत येतं. मोटार सिंगल फेजची असावी आणि अर्थिंग पक्कं करून घ्यावं. व्होल्टेज पडलं की मोटार तापते. तेव्हा हट्ट न करता काम थांबवावं. स्पिंडलचे आटे आणि टेपर प्रचलित मापाचे आहेत का, तेही विचारा. नाहीतर पुढे चक मिळत नाही.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. दोन-तीन चांगल्या पटाश्या, त्यांना धार लावायची सोय, एक चक आणि तोंडावरचं पारदर्शक कवच यांचे पैसे आधी बाजूला काढा. बोथट पटाशी लाकडात अडकते आणि हाताला झटका देते.

लाकूड सुताराकडचे बाभूळ, आंबा, शिसवाचे तुकडे चालतात. साग पावतीनंच घ्या आणि पावती जपून ठेवा. रंगाला आपल्याकडच्या पळसावरची लाख आहेच. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते. वरून केवड्याचं पान फिरवलं की चकाकी येते. लेकराच्या खेळण्याला याहून चांगला रंग कोणता?

शेवटचं सांगणं. मशीनपुढे उपरणं, ओढणी, सैल बाही, अंगठी नको. मनगटावरचा दोरासुद्धा आधी काढून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा बांधा. बाप्पा रागावणार नाहीत. धुळीसाठी मास्क लावा. लहान मुलांना कवच लावून दूरून बघू द्या, पण बघू द्या. पुढच्या तान्ह्या पोळ्याला आपल्या गावातल्या नंदीची चाकं आपल्याच गावात घडावीत, एवढीच इच्छा.

गणपती बाप्पा मोरया!