उष्टावण झालं, पुढे भरवणार कोण?

(बोईसरमधील एका चाळीत, रविवारच्या बायकांच्या बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



मागे एकदा औद्योगिक वसाहतीमागच्या एका खोलीत गेले होते. आठ महिन्यांचं बाळ, नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आई सकाळी सातलाच पॅकिंगच्या कामावर गेलेली. पोरीच्या हातात बाटली, बाटलीत दूध थोडं नि पाणी फार. "खायला काय देतेस गं?" विचारलं, तर म्हणाली, "चहात बिस्कीट. तेवढं मला जमतं." ती शाळेत का नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर तिच्या कडेवरच होतं.

आपल्याकडे उष्टावण हौसेनं होतं. मामा येतो, वाटी येते, खिरीचं बोट लागतं, फोटो निघतात. त्या दिवशी घरात दहा माणसं असतात. प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचा आहे.

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पुढेही दोन वर्षं आणि त्यानंतरही दूध चालू ठेवायचं, पण नुसत्या त्यावर भागत नाही. आईच्या पोटातून साठवून आणलेलं लोह याच सुमारास संपत येतं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिने झाले की तीन-चार वेळा, एका वेळी अर्धी मोठी वाटी, मध्ये एखादं केळं. आणि घट्ट. चमचा तिरका केला तर भसकन ओघळता कामा नये. माझ्या मुलीला मीही महिनाभर वरणाचं पाणीच पाजलं. समाजकार्याची पदवी कपाटात आणि स्वयंपाकघरात सासूबाईंचा शब्द! त्या पाण्यात डाळ नसते हो. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. त्यापेक्षा मऊ भातात डाळ कुस्करा, वर चमचाभर तेल. नाचणीची घट्ट लापशी, पूर्ण उकडलेलं अंडं, घोटलेली पालेभाजी. सातपाटी, दांडीकडच्या बायांना मासे मी काय सांगणार? फक्त काटा बोटांनी दोनदा चाचपा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं बाळाच्या हाती देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. भरवताना बाळाला बसवा, निजवून भरवू नका. वर्षाच्या आत मध नको, गुटीतलासुद्धा नको. त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला जिवावरचा आजार होऊ शकतो. सकाळचं शिजवलेलं पत्र्याच्या खोलीत दुपारपर्यंत टिकत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा, बाटलीची बुचं नीट धुतली जात नाहीत. आणि पाणी. उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक वसाहतींचं मूल्यांकन केलं, त्यात तारापूर सगळ्यांत वर होतं. बोअरच्या पाण्याला रंग वा वास असेल तर ते बाळाच्या पेजेत नकोच.

कुपोषण म्हटलं की आपल्याला जव्हार-मोखाडा आठवतो. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला मुलं दगावली, तेव्हापासून तसंच चाललंय. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात जेमतेम ११ टक्के निघाली. ही काही फक्त डोंगरातली गोष्ट नाही.

आता रजेचा हिशोब बघा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. म्हणजे सहा महिने. बाळंतपणाआधी थोडी घेतली, तर ती यातूनच जाते. थोडक्यात, बाळ खायला लागतं तेव्हा आई गेटच्या आत असते. म्हणून त्याच दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. नव्या कामगार संहितेतही हे कायम आहे. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस भरले असतील तर रजेचा हक्क कंत्राटी बाईलाही आहे. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींनी आपल्या गेटच्या आत पाळणाघर पाहिलंय? हात वर करा. ...बघा.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो हक्क आहे, उपकार नाही. परगावची म्हणून कुणी नाव घेतलं नाही, तर मला सांगा. आणि ते पाकीट घरभर वाटू नका, ते बाळाचं आहे.

घरात बापही असतो. रात्रपाळी करून झोपतो, खरं आहे. पण झोपून उठल्यावर वाटीभर भात कुस्करायला बाईचाच हात लागतो, असं कुठे लिहिलंय? नऊ वर्षांच्या पोरीला जे जमवावं लागतं, ते त्यालाही जमेल.

चिठ्ठ्या फिरवते आहे. तुमच्या पाळीत बाया किती, पाळणाघर आहे की नाही, एवढंच लिहा. स्वतःचं नाव नको. पुढच्या रविवारी त्या घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे कोण येणार, ते ठरवू. तोवर स्टोव्ह पेटवा, भात-डाळ कशी घोटायची ते करून दाखवते. बाळंवाल्या पुढे या.