शुद्ध पाणी, म्हणजे किती शुद्ध?



मोरीतून पाणी वाहून गेले की आपल्या लेखी ते संपते. प्रत्यक्षात तिथून त्याचा प्रवास सुरू होतो. पुण्याच्या मोरीतले पाणी मुळा-मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात साठते. त्याच उजनीतून सोलापूरला पिण्याचे पाणी जाते. ते तिथे शुद्ध करून देतात हे खरे; पण एका गावाची मोरी अशी दुसऱ्या गावाच्या माठाला जोडलेली असते. मध्ये पहारा असतो मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा. तिथून बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ असावे, हे कसे ठरते?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार कारखान्याप्रमाणेच महापालिकेलाही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. सोडायच्या पाण्याच्या मर्यादा त्यात लिहिलेल्या असतात. त्यातली प्रमुख म्हणजे ‘बीओडी’. नाव अवघड, गोष्ट सोपी. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. प्राणवायू जितका जास्त लागेल, तितकी घाण जास्त. तो संपला की मासे मरतात आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी ही मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतर ठिकाणी ३० ठेवली. विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंनाही मर्यादा घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या शहरांसाठी १० चा आग्रह धरला.

अशा आकड्यांचे मूळ पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८९८ साली मैलापाण्यासाठी एक रॉयल कमिशन नेमले गेले. त्याने १९१२ च्या अहवालात बीओडी २० आणि तरंगते कण ३० अशी मर्यादा सुचवली. पण त्यामागे एक गृहीत होते. ज्या नदीत हे पाणी सोडायचे, तिच्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहते असावे. आकडे जगभर पोचले, आठपट पाण्याची अट मात्र मागे राहिली.

आता आपली मुठा पाहा. खडकवासल्याचे पाणी शहराला आणि कालव्याला जाते. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात उरते ते मुख्यतः शहराचेच सांडपाणी. तिथे आठपट सोडा, एकपट स्वच्छ पाणीही नसते. केंद्राने मर्यादा पाळली तरी नदी जगेलच, असे नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. रोज दहा कोटी लिटर पाणी सोडणारे केंद्र २० ची मर्यादा काटेकोर पाळूनही नदीवर रोज दोन टन बीओडीचा भार टाकते. शहर दुप्पट झाले की भारही दुप्पट, आणि कागदावर सगळे नियमात! शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस यांना २०१७ च्या अधिसूचनेत मर्यादाच नाही. पाण्यातले हे खत शेवाळाला आणि जलपर्णीला पोसते. उजनीच्या हिरव्या पाण्यामागे तेही एक कारण आहे.

आणि जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, त्याचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज ७२ हजार दशलक्ष लिटरहून अधिक मैलापाणी निघते. त्यातले प्रत्यक्ष शुद्धीकरण होते सुमारे २० हजारांचे. बाकीचे नाल्यांतून थेट नदीत जाते. नाल्याच्या तोंडाशी कसले संमतिपत्र?

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. नाले आधी केंद्राकडे वळवावेत. मर्यादा ठरवताना नदीतले उन्हाळ्याचे पाणी आणि रोजचा एकूण भार विचारात घ्यावा. आणि शुद्ध केलेले पाणी नदीत ओतण्याऐवजी शक्य तिथे बांधकामाला, कारखान्यांना, बागांना द्यावे.

यात आपलाही वाटा आहे. आपल्या प्रभागाचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते आणि काल तिथला बीओडी किती होता, हे नगरसेवकाला विचारायला काहीच हरकत नाही. नळाला पाणी आले नाही तर आपण मोर्चा काढतो. मोरीतले पाणी कुठे गेले, हे मात्र कधी विचारत नाही. खालच्या गावाचे लोक आपल्या या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रोज पितात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)