कासवाची राखण आणि राखणदाराचे मोल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात समुद्रातल्या कासवाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. काम आहे. रोह्यांनी कपाशी खाल्ली, रानडुकरांनी ज्वारी लोळवली, की आपल्याला कायदा दाखवतात. जनावर साऱ्या देशाचे, नुकसान मात्र कोरडवाहू शेतकऱ्याचे! याहून वेगळा रस्ता आहे का? रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावाने तो काढला आहे.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत दीडेक फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. पिल्ले निघायला दीड-दोन महिने लागतात. तोवर कुत्री, कोल्हे अंडी उकरतात. माणसेही खायला, विकायला न्यायची. कायद्याची मनाई होतीच, पण किनाऱ्यावर रात्री कायदा जागा नसतो.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला हाताशी धरून तिथे राखण सुरू केली. स्वयंसेवक किनारा चालून कासवाच्या पावलांचा माग काढतात. अंडी भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला, कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पेरताना आपण ओल आणि खोली बघतो, तसेच हे. अंडे उलटेपालटे झाले तर आतला जीव दगावतो. वाळू तापलेली असली तर माद्या जास्त, गार असली तर नर जास्त. इतके नाजूक काम नुसत्या हुकमाने होत नाही. त्याला गाव लागते.

आणि गाव टिकते ते चूल पेटली तर. २००६ साली तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. ती गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात, पैसे त्याच घरात देतात. याला आम्ही उपकार म्हणत नाही. राखणीचे मोल राखणदाराला मिळाले, एवढाच हिशेब आहे.

आता फरकही ध्यानात घ्या. कासव कुणाचे पीक खात नाही, रोही खातो. म्हणून आपल्याकडे पाहुणे बोलावून भागणार नाही. जनावर जगावे असे ज्यांना वाटते, त्यांनी उभ्या पिकाचे पुरे दाम मोजावे, आणि वेळेवर मोजावे.

त्यासाठी आधी आपला हिशेब पक्का हवा. प्रत्येक गावाने दोन स्वयंसेवक नेमावेत. त्यांनी वहीत तारीख, गट नंबर, पीक, जनावर आणि नुकसान लिहावे, पंचनाम्याची मागणी लेखी द्यावी. पुढच्या मेळाव्याला त्या वह्या आणा. जमेल त्या तरुणांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जाऊन यावे. पिल्ले तर बघाच, पण गावाने हे कसे बसवले तेही विचारून या.