दुसऱ्याच्या औषधाची पुडी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण आमच्या मुकुंदनगरात कोणी उमराहला किंवा दुबईला निघालं की वेब चेक-इन करायला मला बोलावतात, आणि तेव्हा घरात बॅग भरणं चालू असतं. कपडे, काळा मसाला आणि औषधं. त्यातली काही स्वतःची, काही "आमच्या जावयाला तेवढी पोचवा" म्हणून आलेली.

आधी स्वतःच्या औषधांचं. डायबेटीसमुळे नानीचे पाय जळजळतात म्हणून डॉक्टर प्रीगाबालिन देतात. गुडघ्याला ट्रामाडोल, खोकल्याला कोडीनचं सिरप, झोपेसाठी अल्प्राझोलम. आपल्या घरांत ही रोजची औषधं आहेत. सौदीत आणि अमिरातीत ती नियंत्रित यादीत येतात. याचा अर्थ नेताच येत नाहीत असा नाही. दोन्ही देशांत प्रवाशाला आधी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घेता येते. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण इथे एक गोची आहे. आपण औषध ओळखतो कंपनीच्या नावाने, आणि सरकारी यादीत असतं आतल्या घटकाचं नाव. म्हणून पत्त्यावरची बारीक अक्षरं वाचा. डॉक्टरांकडून घटकाचं नाव, डोस आणि दिवस इंग्रजीत स्वच्छ लिहून घ्या. गोळ्या मूळ पत्त्यातच राहू द्या. डब्यात सुट्या ओतलेल्या गोळ्या कुणाला ओळखू येणार? आणि काळ्या मसाल्याचं निघालंच आहे तर सांगतो, खसखस या दोन्ही देशांत चालत नाही.

आता जावयाची पुडी. आपल्यात नाही म्हणणं फार जड जातं. चाची दारात उभी, तिचा मुलगा परदेशात एकटा, आणि पुडी जेमतेम पावशेराची. पण नानीच्या गोळ्यांना नानीची चिठ्ठी आहे. त्या पुडीला तुमच्या नावाची चिठ्ठी कुठून आणणार? विमानतळावर बॅग ज्याची, माल त्याचा.

2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. ट्रिप एका नातेवाईक बाईने भेट दिलेली. तिनेच दिलेल्या पाकिटात दोहा विमानतळावर सुमारे 4 किलो चरस सापडलं. ते औषध नव्हतं, पण पाकीट नातेवाइकाचं होतं आणि विश्वासाने घेतलेलं होतं. दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. ती गरोदर होती; मुलगी तुरुंगात जन्मली. इकडे वडिलांनी तक्रार केली, तपासात दोघांना फसवल्याचं समोर आलं, आणि 2021 मध्ये ते निर्दोष सुटून घरी आले. एवढा पाठपुरावा करणारे वडील किती जणांना असतात?

"मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून आपल्या देशातही भागत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 35 आरोपीला माहिती होती असंच धरून चालतं. नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. आणि एप्रिल 2018 पासून ट्रामाडोल याच कायद्याखाली आहे.

म्हणून चाचीला काय सांगायचं? मला विचाराल तर सरळ सांगा, "चाची, माझ्या नावावर नेता येत नाही." मग तिच्या मुलाला फोन लावून द्या, तिथल्या डॉक्टरकडून तेच औषध लिहून मिळतं का ते त्याला बघू दे. चाची चार दिवस रुसेल.

परत येतानाही हेच. जेद्दाहून मामू सगळ्या खानदानासाठी औषधं आणतात. भारताच्या औषध नियमांतला नियम 36 म्हणतो, सामानातलं परदेशी औषध प्रवाशाच्या स्वतःच्याच वापराचं हवं, आणि एका औषधाचे 100 डोसपेक्षा जास्त नको. घरातल्या एखाद्या पेशंटला इथे न मिळणारं औषध खरंच बाहेरून हवं असेल तर त्यासाठी वेगळी वाट आहे: फॉर्म 12ए भरून अर्ज करायचा, 12बी चा परवाना मिळतो.

आज ज्यांच्या घरातलं कोणी निघणार आहे त्यांनी मोबाईलवर औषधांच्या पत्त्यांचे फोटो आणले असतील. चहा झाला की मागच्या टेबलावर या, एकेक नाव यादीत शोधून बघू.