ठाऊक असलेला शेवट : वीराची शोककथा आणि तिचा प्रेक्षक

एखादी कथा लोकांच्या मनात रुजल्यानंतर तिच्या नायकाचा त्याआधीचा काळ सांगणारी जी कलाकृती पुढे निर्माण होते, तिला पूर्वकथा म्हणतात. ती लिहिली जाते नंतर आणि घडते आधी, त्यामुळे तिच्या प्रेक्षकाची अवस्था चमत्कारिक असते : नायकाचे पुढे काय होणार हे तो घरूनच जाणून आलेला असतो. ‘पुढे काय’ ही कथेची सर्वांत जुनी ओढ येथे पहिल्याच क्षणी संपते, आणि तरीही प्रेक्षक येतो, अखेरपर्यंत बसतो, रडतो आणि घरी जाताना वाद घालतो. हा वाद नेमका कशाविषयी असतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम एका जपानी चित्रमालिकेचा आणि नंतर शिरूर व दौंड या तालुक्यांच्या मधून वाहणाऱ्या भीमेच्या काठी घडलेल्या एका मृत्यूच्या नाट्यरूपांचा विचार करावयाचा आहे.

नोबुहिरो वात्सुकी यांची ‘रुरोनी केन्शिन’ ही चित्रकथा १९९४ ते १९९९ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९९६ पासून ती दूरचित्रवाणीवर अॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीची चलच्चित्रमालिका, म्हणून आली. तिचा नायक केन्शिन हा १८७८ च्या जपानात हिंडणारा, हसतमुख, काहीसा वेंधळा वाटणारा तलवारबाज असून त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला आहे, कारण यापुढे कोणाचा जीव घ्यावयाचा नाही अशी त्याने शपथ वाहिली आहे. त्याच्या डाव्या गालावर फुलीच्या आकाराचा व्रण आहे. मालिकेत विनोद भरपूर आहे आणि व्रणाची कथा मात्र दूर ठेवलेली आहे. ती कथा १९९९ मध्ये काझुहिरो फुरुहाशी यांच्या दिग्दर्शनाखाली, दूरचित्रवाणीसाठी नव्हे तर थेट घरी पाहण्यासाठी विक्रीला काढलेल्या चार भागांत सांगितली गेली. ‘त्सुइओकु-हेन’ म्हणजे स्मृतिखंड, हे तिचे नाव. शोगुनांची सत्ता कोसळत असतानाच्या अखेरच्या वर्षांना जपानी इतिहासात ‘बाकुमात्सु’ म्हणतात; त्या काळातील क्योतो शहरात शोगुनविरोधी चोशू गटासाठी रात्री माणसे मारणारा कोवळ्या वयाचा केन्शिन तेथे दिसतो. त्याने ज्याला मारले त्याची वाग्दत्त वधू तोमोए ही सूडाच्या हेतूने त्याच्या आयुष्यात येते, दोघे ओत्सूजवळच्या एका खेड्यात नवराबायको म्हणून राहतात, तो भाजी पिकवतो आणि औषधे विकतो, आणि अखेरीस बर्फात, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असताना शत्रूवर त्याने उगारलेल्या तलवारीच्या आड तोमोए येते.

या चार भागांविषयी प्रेक्षकांत जे मतभेद झाले ते लक्षात घेण्यासारखे आहेत. मालिकेतील खेळकर केन्शिनवर जीव जडलेल्यांना हे भाग फार उदास, संथ आणि रक्ताळलेले वाटले. उलट अनेकांना मूळ मालिकेपेक्षा हीच कृती श्रेष्ठ वाटली. मालिका पाहण्याआधी ही पाहावी की नंतर, हा वाद तर अद्याप मिटलेला नाही. परंतु सर्वांत सूक्ष्म मतभेद एका बारीक तपशिलाचा आहे. गालावरील पहिला उभा वार तोमोएच्या वाग्दत्त वराने मरताना केलेला. दुसरा, त्याला छेद देणारा, तोमोएच्या हातातील कट्यारीचा. मूळ चित्रकथेत तिच्या हातून सुटलेली कट्यार केन्शिनच्या गालाला चाटून जाते, म्हणजे तो अपघात ठरतो. चार भागांच्या चलच्चित्ररूपात मात्र मरणारी तोमोए स्वतः कट्यार उचलते आणि त्याच्या गालावर सावकाश रेघ ओढते. ही रेघ म्हणजे शिक्षा, क्षमा की केवळ आपली खूण, याविषयी प्रेक्षक आजही एकमेकांशी भांडतात. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, तोमोए मरणार आणि फुली पुरी होणार हे सर्वांना ठाऊक होते. वाद आहे तो हात कसा हलला याचा.

पराभूत वीराविषयी जपानी मनात जी ओढ असते तिला ‘होगान-बीइकी’ असा शब्द आहे. होगान हे मिनामोतो नो योशित्सुने या सेनानीचे पद होते आणि बीइकी म्हणजे पक्षपात; सख्ख्या नसलेल्या का होईना, पण थोरल्या भावाने ज्याचा पाठलाग करून अंत घडवला त्या योशित्सुनेच्या बाजूने मन कलणे, असा त्याचा मूळ अर्थ. योशित्सुनेचा मृत्यू ११८९ चा आहे. बरोबर पाचशे वर्षांनी, १६८९ मध्ये, भीमेच्या काठी छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. हा निव्वळ आकड्यांचा योगायोग असून त्यात अधिक काही शोधू नये. परंतु मराठी प्रेक्षकाच्या मनातील तशाच कलाला अद्याप नाव मिळालेले नाही, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते.

त्या घटनेचा भूगोल या परिसराला हातावरच्या रेषांसारखा परिचित आहे. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी मोगल सरदार मुकर्रबखानाने संगमेश्वर येथे संभाजी महाराज आणि कवी कलश यांना पकडले. फेब्रुवारीच्या मध्यास त्यांना बहादूरगडावर, म्हणजे दौंडकडून भीमा ओलांडल्यावर श्रीगोंदे तालुक्यात लागणाऱ्या पेडगावच्या किल्ल्यात, औरंगजेब बादशहापुढे आणले गेले. फारसी साधनांत येणारा ‘तख्ता-कुलाह’ हा शब्द तेथल्या धिंडीशी निगडित आहे. गुन्हेगाराला हिणवण्यासाठी त्याच्या डोक्यावर घालावयाची घुंगरू बांधलेली लाकडी टोपी, असा त्याचा अर्थ. तेथून छावणी नदीच्या उगमाच्या दिशेने सरकली आणि फाल्गुन अमावास्येला, ११ मार्च १६८९ रोजी, भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या संगमावरील तुळापूरच्या परिसरात वध झाला. समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. अंत्यसंस्कार कोणी केले याविषयी वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात आणि त्यांवरून वादही झालेले आहेत. लोकांच्या तोंडी असलेला ‘चाळीस दिवसांचा छळ’ हा हिशेब पकडले गेल्यापासूनचा आहे. बादशहापुढे उभे केल्यापासून मोजल्यास पंचवीस दिवसही भरत नाहीत. व्याख्यानात हा आकडा दुरुस्त केल्यास श्रोत्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटते आणि ती समजण्यासारखीही आहे, कारण चाळीस हा येथे काळाचा नव्हे, सोसण्याचा आकडा झालेला आहे.

या मृत्यूला मराठी रंगभूमीवर आज दिसते ते रूप आरंभापासून नव्हते. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ मधील निधनामुळे अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये आणि त्यानंतर आलेल्या विष्णु हरि औंधकर यांच्या ‘बेबंदशाही’मध्ये दिसणारे संभाजी महाराज हे शूर पण व्यसनांनी आणि मोहाने ग्रासलेले राजे आहेत, त्या चित्राला मल्हार रामराव चिटणिसांच्या, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या, बखरीचा आधार होता. त्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तुळापूरचा शेवट हे एक प्रकारचे प्रायश्चित्त होते : आयुष्य बिघडले, मरण सावरले. वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ १९६० मध्ये आला, पुढे कमल गोखले यांचे संशोधन आले, आणि अस्सल कागदपत्रांच्या कसोटीवर बखरीतील चित्र टिकेनासे झाले. वढूच्या समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेयही बेंद्रे यांच्याकडेच जाते. याच संधिकाळात वसंत कानेटकर यांची दोन नाटके आली आणि पूर्वकथेच्या दृष्टीने त्यांचा क्रम मोठा सूचक आहे. १९६२ चे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे पितापुत्रांमधील दुराव्याचे नाटक. १९६८ चे ‘इथे ओशाळला मृत्यू’ हे शेवटाचे. पहिल्यात काशिनाथ घाणेकरांचे संभाजी बापावर संतापतात, रुसतात, तुटेपर्यंत ताणतात, तेव्हा प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ती भीमेकाठची अमावास्या दिसत असते. म्हणजे ते नाटक कोणत्याही दुसऱ्या कलाकृतीची नसली तरी इतिहासाचीच पूर्वकथा आहे. केन्शिनच्या गालावरचा व्रण जे काम करतो, ते काम येथे शाळेच्या पुस्तकातील एक तारीख करते. दुसऱ्या नाटकात घाणेकरांसमोर प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब उभा राहिला आणि छळ दाखवण्याची सोय नसलेल्या रंगमंचाने तो दोन माणसांच्या बोलण्यात आणला.

पुढील पिढीला हा शेवट घरच्या दिवाणखान्यात भेटला. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठीवर चाललेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेत अमोल कोल्हे यांनी नायकाची भूमिका केली, आणि मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, ते शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले; समाधीचे गाव ज्या मतदारसंघात येते त्याच मतदारसंघाने पडद्यावरील संभाजी महाराजांना दिल्लीस धाडावे, हा योग जपानी पटकथाकारालाही सुचला नसता. मालिका शेवटाकडे आली तेव्हा छळाचे प्रसंग दाखवू नयेत, ते पाहवणार नाहीत, अशी मागणी जाहीरपणे झाली. प्रेक्षकांच्या मतांच्या इतिहासात ही मागणी मोलाची आहे, कारण तिचा अर्थ ‘खोटे दाखवू नका’ असा नव्हता. ‘खरे आहे, म्हणूनच दाखवू नका’ असा होता.

पाच वर्षांनी हिंदी चित्रपटाने नेमके उलटे केले. शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या ‘छावा’ या कादंबरीवर आधारित, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित आणि विकी कौशल यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यात शेवटच्या भागाचा मोठा अंश छळाच्या दृश्यांनी व्यापला. चित्रपटगृहांत माणसे हुंदके देऊन रडली, गारद म्हटली गेली. तथापि या चित्रपटावर जे आक्षेप प्रत्यक्षात घेतले गेले त्यांची जागा पाहण्यासारखी आहे. प्रदर्शनापूर्वी झलकेत दिसलेल्या लेझीम-नृत्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य गाळले गेले. प्रदर्शनानंतर गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. राजा नाचेल का, आणि मेहुणा फितेल का, हे दोन्ही प्रश्न आयुष्याच्या मधल्या काळाचे आहेत. शेवटाविषयी रक्त किती दाखवावे याखेरीज कोणाचेही दुमत नव्हते. बर्फातील कट्यारीविषयीचा वाद आणि लेझीमविषयीचा वाद हे दिसायला कितीही वेगळे असले तरी एकाच जातीचे आहेत : परिणाम निश्चित असताना माणूस कसा वागला, याचा हिशेब प्रेक्षक मागत असतो.

मृत्यू किती दाखवावा या प्रश्नाला जुनी उत्तरे आहेत. संस्कृत नाट्याच्या रूढीने रंगमंचावर वध दाखवणे वर्ज्य मानले, आणि भासाच्या ‘ऊरुभंग’मध्ये मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो तेव्हा ती रूढी मोडल्याचे आश्चर्य अभ्यासकांना वाटते. ग्रीक शोकनाट्यात मारामारी पडद्याआड होई आणि दूत येऊन ती सांगत असे. आपला शाहीरही दाखवत नाही, सांगतो. डफावरची थाप थांबते तेवढ्या क्षणात श्रोत्याला जे दिसावयाचे ते दिसून जाते. अॅरिस्टॉटलने ज्याला विरेचन म्हटले, म्हणजे करुणा आणि भय यांचा मनातून होणारा निचरा, तो जखमेच्या आकारावर अवलंबून नसतो. जखम होण्यापूर्वी तो माणूस आपला किती झाला होता, यावर तो अवलंबून असतो. ‘त्सुइओकु-हेन’ मध्ये रक्त कमी नाही. पण त्याचा कस लागतो तो ओत्सूच्या शेतात, जेथे काहीच घडत नाही, भाजी उगवते, आणि रात्री तलवारीला टेकून झोपणारा मुलगा हळूहळू बायकोशेजारी निर्धास्त झोपू लागतो. तो निवांत काळ वजा केला तर बर्फातील मरण हे केवळ एक कौशल्यपूर्ण दृश्य उरेल.

या दृष्टीने पाहता मराठी पडद्यावर आणि हिंदी पडद्यावरही संभाजी महाराजांचा ओत्सू कमी पडतो. १६८१ च्या जानेवारीत रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतरची आठ वर्षे बुऱ्हाणपूरची लूट, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झगडा, १६८३ ची गोव्यावरील मोहीम आणि नाशिकजवळचा रामसेज मोगलांना वर्षानुवर्षे न मिळणे यांनी भरलेली आहेत, आणि या सर्वांच्या आगेमागे ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा पंडित आहे. चित्रपटात लढाया येतात, ग्रंथकार जवळजवळ येत नाही, आणि कारभार करणाऱ्या त्यांच्या पत्नी येसूबाई ओवाळण्याच्या तबकामागे उभ्या राहतात. वस्तुतः या कथेतील तोमोए त्याच आहेत, फक्त त्यांना मरण आले नाही. रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटून आल्या. ती सुमारे तीस वर्षे कोणत्याही चित्रपटाच्या शेवटच्या चौकटीत मावलेली नाहीत. छळाच्या दृश्यांना दिलेल्या वेळातून त्यांच्यासाठी थोडा वेळ काढला असता, तर प्रेक्षक कमी रडला असता असे मानण्याचे काही कारण दिसत नाही.

आधी काय पाहावे आणि नंतर काय, हा केन्शिनच्या प्रेक्षकांचा न मिटणारा वाद भीमाकाठच्या प्रेक्षकाला परका वाटेल, कारण त्याला तशी निवड कधी मिळतच नाही. या परिसरातील शाळेची एका दिवसाची सहल बहुधा तुळापूरचा संगम आणि वढूची समाधी येथे जाते, डबे तेथेच झाडाखाली उघडले जातात. पाचाडला मुक्काम करून रायगड चढण्याची सहल वरच्या वर्गात, तीही ज्याला परवडेल त्याला, घडते. त्यामुळे येथल्या मुलाला राज्याभिषेकाच्या जागेपूर्वी समाधी ठाऊक होते, आणि पुढे कधीतरी रायगडावर उभे राहिल्यावर तो जे पाहतो ते सर्व त्याच्या लेखी आधीचेच असते.